डॉक्टर, चिमीच्या शेवटच्या महिन्यांसाठी मनापासून आभार

आदरणीय डॉक्टर,

आमची मांजर चिमी गेल्यावर तुम्हाला फोन केला, तेव्हा कंठ दाटून आला होता आणि दोन शब्दांपलीकडे बोलणं झालं नाही. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे, कारण तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते घरात म्हातारं किंवा आजारी जनावर असलेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

किडनीच्या आजाराचं निदान झालं त्या दिवशी तुम्ही रिपोर्ट आमच्यासमोर ठेवून एकेक आकडा समजावलात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ घटक, वाढलेलं दिसेपर्यंत किडनीची सुमारे पाऊण क्षमता गेलेली असते आणि मांजर आपलं दुखणं लपवण्यात पटाईत असते, हे सांगितलंत. त्यामुळे ‘आधी कसं कळलं नाही’ ही टोचणी तिथल्या तिथे संपली. मी विचारलं, आता किती दिवस? तुम्ही म्हणालात, ‘ते मला सांगता येणार नाही. पण तिचे दिवस कसे चाललेत हे ओळखायला मी तुम्हाला शिकवू शकते.’ आणि एक कागद पुढे केलात.

अमेरिकेतल्या पशुवैद्य आणि कर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस विलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली ती मोजपट्टी. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला ० ते १० गुण, एकूण ७०. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं अजून बऱ्यापैकी सुसह्य आहे असं मानायचं. पण बेरजेवर विसंबू नका, हेही तुम्ही लगेच बजावलंत. वेदनेच्या रकान्यात श्वासही येतो, आणि धाप लागलेल्या जिवाला बाकीच्या सहा रकान्यांत कितीही गुण मिळाले तरी त्यांना अर्थ उरत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसती बेरीज पाहणारा माणूस स्वतःची समजूत घालत बसेल.

घरात आम्ही गुण वेगवेगळे द्यायचो. नवऱ्याचे नेहमी जास्त, माझे कमी. तुम्ही म्हणालात, दोघांनी एकमेकांचं न बघता लिहा आणि कुठे फरक पडतो त्यावर बोला. त्या बोलण्यातून जे बाहेर आलं ते एरवी आलं नसतं. तिला जाऊ देण्याची त्याला किती भीती वाटते हे मला तेव्हा समजलं.

आनंदाच्या रकान्यासाठी तुम्ही सांगितलेली युक्ती तर मी आता भेटेल त्याला सांगते. आपल्या जनावराला मनापासून आवडणाऱ्या पाच गोष्टी आजच लिहून ठेवायच्या, कारण पुढे दुःखात आपलीच नजर बदलते. चिमीची यादी अशी होती: खिडकीत बसून पाखरांकडे बघत दात कटकटवणं, कुलपाचा आवाज आला की दाराशी येणं, माझ्या गुडघ्यांच्या मागे झोपणं, डबा उघडला की धावणं आणि तासन्‌तास स्वतःला चाटून लखलखीत ठेवणं. सगळ्यात आधी चाटणं गेलं. पाठीवरचे केस गुंतायला लागले. आम्ही त्याला म्हातारपण समजलो असतो, पण तुम्ही तिचे सांधे तपासलेत, कारण संधिवात झालेल्या मांजरीला मान वळवून पाठीपर्यंत पोचणं जड जातं. वेदनाशामक तिच्या किडनीचा विचार करून निवडलंत. तिच्या शी-शूच्या ट्रेची एक बाजू कापून बुटकी करायला आणि खिडकीखाली पायरी ठेवायला सांगितलंत. चिमी पुन्हा खिडकीत बसू लागली. या एवढ्याशा गोष्टीसाठीसुद्धा मी हे पत्र लिहिलं असतं.

चेहरा वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळे किती मिटलेले आहेत, तोंडाचा ताण, मिशा आणि डोकं खांद्यांच्या वर आहे की खाली, या पाचांना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण. १० पैकी ४ किंवा अधिक आले की वेदनाशामकाची गरज आहे असं धरून डॉक्टरांना गाठायचं. ही पद्धत मुळात अचानक उठलेल्या वेदनेसाठी आहे, जुन्या दुखण्यात मांजरीचं रोजचं वागणं जास्त बोलतं, हेही तुम्ही स्पष्ट केलंत. आणि गुरगुर ऐकून निश्चिंत होऊ नका म्हणालात. मांजर दुखत असतानाही गुरगुरते.

घरी तिला कातडीखाली सलाईन द्यायची मला धास्ती होती. तुमच्या सहायक ताईंनी माझा हात धरून दोन खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचलून दाखवली, सुई कशी सरकवायची ते दाखवलं. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी उबदार करायची, पाण्याचा फुगवटा पुढच्या पायाकडे उतरला तर घाबरायचं नाही, सगळं सांगितलं. त्यांनाही माझा नमस्कार पोचवा. झोपेत तिचे श्वास मोजायची सवय तेव्हापासून लागली. मिनिटाला ३० च्या वर वारंवार जायला लागले तर लगेच फोन, कारण सलाईनचं पाणी जास्त झालं किंवा हृदयाला पेललं नाही तर त्याची चाहूल श्वासातून लागते.

ती भांड्याशी जायची, वास घ्यायची, ओठ चाटायची आणि तोंड फिरवायची. भूक आहे पण मळमळतंय, हे तुम्ही फोनवरच्या वर्णनावरून ओळखलंत आणि आधी मळमळीचं औषध दिलंत. जबरदस्तीने भरवू नका म्हणालात. माणसांची पॅरासिटामॉल घरात कुणी तिच्या तोंडात घालू नये हेही पहिल्याच भेटीत बजावलंत, कारण मांजरीचं यकृत ती पचवू शकत नाही आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. घरी जनावर असलेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

प्रवासाने ती थरथर कापायची. ज्या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार नाहीत ती करायची नाही, असं तुम्ही ठरवलंत आणि रक्ततपासण्या कमी केल्यात. तुम्ही आधी तिचा त्रास बघितलात. याबद्दल तुमच्याविषयी वाटणारा आदर शब्दांत मावत नाही.

शेवटाबद्दल तुम्ही खूप आधी बोललात. किडनी निकामी होऊन आपोआप येणारं मरण शांतच असेल असं नाही, तोंडात जखमा, सततची ओकारी, कधी झटके, आणि हे दिवसचे दिवस चालू शकतं, हे तुम्ही न लपवता सांगितलंत. संकट येऊन रात्री धावपळ होण्याआधी आपली रेषा ठरवा म्हणालात. आम्ही ठरवली: तिच्या आवडीच्या यादीतल्या पाचांपैकी तीन गोष्टी गेल्या आणि औषधांनीही परत आल्या नाहीत, तर थांबायचं. तो दिवस आला तेव्हा दोघांचे गुण पहिल्यांदा सारखे होते. तुम्ही आमची गुणांची वही पाहिलीत, तिला तपासलंत आणि म्हणालात, ‘मलाही हेच वाटतं.’ निर्णयाचं ओझं तुम्ही आमच्यासोबत उचललंत.

तुम्ही घरी आलात. आधी झोपेचं इंजेक्शन, ती गाढ झोपल्यावर भुलीच्या औषधाचा मोठा डोस. डोळे उघडे राहतील, नंतरही एखादा श्वास घेतल्यासारखं दिसेल पण ती तेव्हा नसेल, हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे आम्ही तिच्याजवळ न घाबरता बसू शकलो. मुलीला ‘गावाला गेली’ असं काही सांगू नका, खरं सांगा, हा तुमचा सल्ला आम्ही पाळला. ती खूप रडली, खूप प्रश्न विचारले. आम्हाला त्यांची उत्तरं देता आली.

चिमीची वही सोबत पाठवते आहे. आमची नावं त्यात नाहीत. कुणी तुमच्यासमोर बसून ‘आता किती दिवस?’ असं विचारलं, तर ती त्यांना खुशाल दाखवा. रकाने कसे भरायचे हे कोऱ्या कागदापेक्षा भरलेल्या पानांवरून लवकर समजेल. न उघडलेल्या सलाईनच्या पिशव्या आणि सुयाही आहेत, मुदत तपासून घेतली आहे. ज्यांना सलाईनचा खर्च जड जातो आहे त्यांना द्या.

तुमची कृतज्ञ,
चिमीची आई