आरोग्यमंत्री साहेब, तुमच्या बॅनरवर थोडी जागा मिळेल का?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट सांगते. आम्ही भांडुपला राहतो. गेल्या महिन्यात सकाळी चहा घेताना माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा (स्ट्रोकचा) झटका आला. उजव्या हातातून कप सुटला. तोंड वाकडं झालं, जीभ लोळायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, वारं गेलं अंगावरून, तेल चोळा. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी जिभेखाली ठेवून ‘संध्याकाळी बघू’ म्हणून सांगितलं. मी ऐकलं नाही, रिक्षा केली. एलबीएस रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे, ट्रॅफिक. तरी वेळेत पोचलो.

सरकारी रुग्णालयात सीटी स्कॅनच्या दारावर सेलोटेपने चिकटवलेला कागद: ‘मशीन लवकरच सुरू होईल.’ कागद पिवळा पडलेला. बाहेरून काढून आणा म्हणाले. मेंदूतली नस तुंबली की फुटली, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि कळल्याशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देत नाहीत. ते साडेचार तासांत द्यावं लागतं. आम्ही फिल्म घेऊन परत आलो तेव्हा ती वेळ टळून गेली होती.

हे लेथवर काम करायचे. आता शर्टाची बटणं मी लावते. माझे डबे बंद, फिजिओवाल्याचे पैसे उसने. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी पेशंटला घेऊन या म्हणतात, तेही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद!

मिनिटाला १९ लाख पेशी मरतात म्हणे मेंदूतल्या. तुमच्या ताफ्याला सिग्नल थांबतो, आमच्या रिक्षाला नाही. महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर, आणि एका मशीनला टेक्निशियन मिळत नाही? महापालिका राज्याकडे बोट दाखवते, राज्य महापालिकेकडे. मतं मागायला मात्र दोघं एकाच गल्लीत येतात.

तुमच्या वाढदिवसाचे बॅनर स्टेशनपासून नाक्यापर्यंत लागले होते. एखाद्यावर फोटोखाली एवढं छापा: अचानक तोंड वाकडं होणं, हात-पाय गळणं, बोलणं अडखळणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणं. यातलं एक जरी दिसलं, मग ते दहा मिनिटांत बरं का होईना, १०८ लावा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा. पाणीसुद्धा पाजू नका, ठसका लागतो. फोटो थोडा लहान होईल, चालवून घ्या.

आणि पत्राची नुसती पोच पाठवू नका. ते मशीन कुठल्या तारखेला सुरू होणार आणि रात्री तिथे कोण बसणार, तेवढं लेखी कळवा.

एक करदाती,
भांडुप (प.)