खोलीभाड्याची कात्री आणि पुण्यातला लोकपाल

महोदय,

वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्यावर आला. पण नूतनीकरणाला मूळ हप्ताच वाढला, की ती सवलत तिथेच जिरते.

त्याहून घातक आहे रुग्णालयातल्या खोलीभाड्याची अट. पाच लाखांच्या पॉलिसीत एक टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपयांची मर्यादा असली आणि नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयात ८,००० ची खोली घेतली, तर नुसता भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाते: असे बिल १,६०,००० झाले, तर कंपनी त्याचे आठातले पाच भाग, म्हणजे एक लाख देते; उरलेले ६०,००० खिशातून! औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर मात्र ही कात्री चालवता येत नाही. तिथेही कपात दिसली तर जरूर भांडा.

दावा नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. पॉलिसीतले नेमके कलम लिहिलेले पत्र मागा. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर ‘जुना आजार लपवला’ हे कारण फसवणूक सिद्ध केल्याशिवाय टिकत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

पण नागपूरकरांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ इथे बसू शकते, तर लोकपालांची नियमित सुनावणी नागपुरात का होऊ नये? विदर्भाच्या खासदारांनी ही मागणी अर्थ मंत्रालयाकडे लावून धरावी.

— एक वाचक, नागपूर