शेजारच्या खुर्चीत बसलेल्यालाही विचारा

मा. संपादक,
स.न.

कुठल्याही जुनाट आजाराबद्दल पेपरात, टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर काहीही आलं की शेवटी एक ओळ ठरलेली असते, ताणतणाव टाळा. मधुमेह असो, दमा असो, किडनीचा त्रास असो, वरचा मजकूर बदलतो, ही ओळ तीच. मला स्वतःला आमवात आहे, म्हणजे वय झाल्यावर गुडघे झिजतात तो नव्हे, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. त्यामुळे विचारावंसं वाटतं की टाळायचा म्हणजे नेमका कसा हो? हा ताण आजाराच्याच पोटातून येतो.

सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, सैल व्हायला तास-दीड तास जातो. मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार डोक्यात पक्का ठेवायचा. मधूनमधून रक्त तपासायचं, लिव्हर ठीक आहे ना, पांढऱ्या पेशी कमी झाल्या नाहीत ना, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत जीव टांगणीला. कुणी पुढच्या आठवड्यात ये म्हणालं की हो म्हणायची चोरी, कारण त्या दिवशी सांधे काय ठरवतील मला तरी कुठे माहीत असतं, आणि चारदा नाही म्हटलं की लोक बोलवायचं बंद करतात. त्यात वरून दिसायला मी ठणठणीत!

हिशोब करून बघा, डॉक्टर दर 3 महिन्यांनी 15 मिनिटं भेटले तर वर्षाला झाला 1 तास. वर्षात तास असतात 8,760. म्हणजे उरलेले 8,759 तास पेशंटच स्वतःचा कंपाउंडर, नर्स आणि क्लार्क, आणि हे काम कुणी कामात धरत नाही. कॉर्बिन आणि स्ट्रॉस या अभ्यासकांनी 1985 मध्येच लिहून ठेवलंय की घरी आजार सांभाळणाऱ्यांना तीन कामं असतात, एक आजाराचं, दुसरं रोजचं घरचं-नोकरीचं आणि तिसरं म्हणजे आपलं आयुष्य आता कसं असणार याची नव्याने जुळवाजुळव. माझ्या मते तिसरंच सगळ्यात थकवतं, पहिल्या दोन कामांत निदान कुणी हात तरी लावू शकतं.

बरं, ताण नुसता डोक्यात राहत नाही. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स संकटात पळायला मदत करतात, लिव्हर रक्तात जास्त साखर सोडतं, बीपी चढतं, आणि थोड्या वेळापुरतं ते बरोबरच आहे. पण संकट रोजचंच असलं तर? शुगरवाला माणूस शुगरची काळजी करतो आणि काळजीनेच शुगर वाढते, मग तपासणीला गेल्यावर पथ्य पाळलं नाही म्हणून बोलणी खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालात आहे की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच पेशंट औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. निम्मे लोक काही निष्काळजी नसतात, कंटाळलेले असतात, दमलेले असतात.

डिप्रेशनचं तर विचारूच नका. झोप उडणे, भूक जाणे, सतत थकवा, ही त्याची लक्षणं आणि नेमकी हीच अनेक आजारांचीही लक्षणं, त्यामुळे सगळं आजाराच्या खात्यावर जमा होतं आणि आतला माणूस तसाच राहून जातो. खरं तर प्राथमिक चाचपणीला दोनच प्रश्न पुरतात, गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का, आणि उदास, हताश वाटतं का. ही ठरलेली, जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, मिनिटभराचं काम. मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. तपासणीला माझ्यासोबत नवरा येतो, शेजारच्या खुर्चीत बसतो, फाइल धरतो, गोळ्यांची नावं माझ्याआधी सांगतो. त्याला कुणी काही विचारत नाही, फार तर "यांची काळजी घ्या" म्हणतात. त्याची पाठ दुखते, रात्री माझ्या कण्हण्याने त्याचीही झोप मोडते, सुट्ट्या माझ्या तपासण्यांत संपतात आणि स्वतःचं बीपी तपासायचं कायम पुढच्या महिन्यावर जातं. मुलगी आईला दुखतंय म्हणून स्वतःची दुखणी सांगायची बंद झाली आहे, लोक तिला समजूतदार म्हणतात, मला ते ऐकून धडकीच भरते. 1995 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या बायकांना आणि तशी जबाबदारी नसलेल्या बायकांना त्वचेवर सारखीच छोटी जखम करून बघितली, तर सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. अभ्यास छोटा होता, पण आजार एकीला आणि जखम भरत नाही दुसरीची, हे त्यात स्पष्ट दिसतं.

ऑफिसात तर दोन्ही बाजूंनी गप्पच बसावं लागतं. पेशंट आजार लपवतो कारण मग जबाबदारीचं काम मिळत नाही, आणि सांभाळणारा सांगत नाही कारण पेशंट तो नाहीच, मग सवलत कसली मागणार. सकाळी दोन तास उशिरा येऊन संध्याकाळी भरून काढायची मुभा असली तर कितीतरी अख्ख्या रजा वाचतील, पण नियमात बसत नाही म्हणे.

तेव्हा डॉक्टर मंडळींना एवढीच विनंती आहे की पेशंटला ते दोन प्रश्न विचाराच, पण सोबत आलेल्यालाही तुम्ही झोपता का, तुमची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारा. पहिल्यांदा "मी ठीक आहे" असंच उत्तर येईल, म्हणून पुन्हा एकदा विचारा. आणि नातेवाइकांनी खरंच मदत करायची असेल तर आठवड्यातली एक दुपार आम्ही सांभाळतो, तू बाहेर जाऊन ये, असं त्या सांभाळणाऱ्याला सांगावं, येताना नव्या उपायाचा व्हिडिओ मात्र आणू नये.

आपली,
एक वाचक