९४-४ हा स्कोअर छापलात, आता त्यामागचं पण छापा

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर "खेळातले लाजिरवाणे पराभव" अशी एक चौकट होती, त्यात चौथ्या नंबरला होतं इंग्लंड ९४ ग्रीस ४, रग्बी लीग वर्ल्ड कप, २०२२, आणि खाली एक ओळ की एवढी कच्ची टीम वर्ल्ड कपला पाठवतातच कशाला. ते वाचून मला फार वाईट वाटलं. कारण ती मॅच मी शेफील्डला ब्रामल लेन ग्राउंडवर बसून बघितलीय. माझी मुलगी तिथे राहते, तेव्हा मी दोन महिने तिच्याकडे होतो, आणि जावयांनी तिकिटं काढली होती म्हणून गेलो, नाहीतर रग्बी लीग म्हणजे काय हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

आधी खेळाबद्दल थोडं सांगतो कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की लोकांना बॉम्बे जिमखान्यावरची रग्बी डोळ्यासमोर येते, ती रग्बी युनियन, पंधरा जणांची. लीग वेगळी. एका बाजूला १३ जण, बॉल घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं, पाडलं की उठून पायाने बॉल मागे ढकलायचा आणि पुन्हा सुरू, आणि असं सहा वेळा धरले गेलात की बॉल समोरच्या टीमला. बचाव करणाऱ्यांना प्रत्येक पकडीनंतर दहा मीटर मागे जावं लागतं आणि लगेच पुढे यावं लागतं. ८० मिनिटं हेच. कबड्डी बघत मोठा झालेला माणूस हे पाच मिनिटांत समजतो, कारण दोघातिघांनी मिळून एकाला कसा धरायचा, खाली कोण वाकणार आणि वर कोण धरणार, ते सगळं तेच आहे. समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन बॉल जमिनीला टेकवला की तो ट्राय, त्याचे ४ पॉइंट. म्हणजे ग्रीसचे ते ४ पॉइंट म्हणजे अख्ख्या मॅचमधला त्यांचा एकुलता एक ट्राय. तो झाला तेव्हा आमच्या आजूबाजूची इंग्लंडची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, माझ्या पुढच्या सीटवर एक आजोबा होते, गळ्यात इंग्लंडचा मफलर, ते तर दोन्ही हात वर करून ओरडत होते. मी जावयांना विचारलं हे असं का? तर ते म्हणाले बाबा, या पोरांना स्वतःच्या देशात खेळायला बंदी होती.

मला वाटलं ते काहीतरी चुकीचं सांगतायत. मग घरी येऊन वाचलं, मुलीने शोधून दिलं, आणि खरंच तसंच होतं. ग्रीसमध्ये सरकारदरबारी रग्बी लीगच्या या लोकांच्या संघटनेला मान्यताच नव्हती, म्हणून मैदान मिळायचं नाही, मिळालं तर ऐनवेळी रद्द, पोलीस येऊन अटक करतील ही भीती, त्यामुळे मॅच कुठे आहे ते शेवटपर्यंत गुपित ठेवून रात्री उशिरा खेळायचे. विचार करा, देशाची जर्सी घालायची आणि ती घालून खेळताना पकडले जाऊ म्हणून घाबरायचं. मान्यता मिळाली २०२२ च्या ऑगस्टमध्ये, वर्ल्ड कप ऑक्टोबरमध्ये. आणि टीममध्ये कोण, तर ऑस्ट्रेलियात वाढलेली ग्रीक वंशाची पोरं, त्यातली काही तिथल्या मोठ्या क्लबमधली, आणि त्यांच्या जोडीला खुद्द ग्रीसमधल्या ऱ्होड्स वगैरे ठिकाणच्या क्लबमधले हौशी खेळाडू, जे कामधंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून खेळतात. कोच होते स्टीव्ह जॉर्जालिस, सिडनीकडचे जुने खेळाडू. समोर इंग्लंड, ज्यांचं पोट याच खेळावर चालतं.

माझे वडील लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात होते आणि संध्याकाळी मंडळाकडून कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्याला. त्यांचं नाव होतं आमच्या भागात. एकदा बाहेरगावी स्पर्धा होती, तीन दिवसांची, आणि तीन दिवस खाडा म्हणजे तीन दिवसांचा पगार गेला, वर मुकादमाची बोलणी. आई त्या महिन्यात वाण्याकडे उधारी वाढवून आली ते मला आठवतं, मी सहावीत होतो. वडील स्पर्धेवरून आले ते गुडघा सुजवून, पितळेचा एक छोटा कप घेऊन आणि सेमीफायनलला हरून. तो कप अजून आमच्या घरी आहे. त्यांच्यावर कोणी लाजिरवाणा पराभव असं लिहिलं असतं तर काय वाटलं असतं मला!

आणि हे खाड्याचं मी उगाच जोडत नाहीये, रग्बी लीग हा खेळ जन्मालाच खाड्यातून आलाय. मुलीकडून हडर्सफील्ड ट्रेनने जवळ आहे म्हणून आम्ही एक दिवस गेलो. स्टेशनच्या बाहेर मोठा चौक आहे, तिथे ब्रिटनचे माजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचा पुतळा आहे आणि बाजूलाच जुनं जॉर्ज हॉटेल, आम्ही गेलो तेव्हा बंद पडलेलं, दगड काळवंडलेले. १८९५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर लँकेशायरकडचे क्लबवाले तिथे जमले आणि रग्बीच्या मोठ्या संघटनेतून बाहेर पडले. कारण काय, तर त्यांचे खेळाडू खाणीतले आणि गिरणीतले कामगार, मॅचसाठी सुट्टी घेतली की मजुरी बुडायची, ती भरून द्या एवढंच मागणं होतं, दिवसाला सहा शिलिंग. लंडनकडच्या सुखवस्तू मंडळींनी नाही म्हटलं, खेळाचे पैसे घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं, कारण त्यांचा खाडा व्हायचाच नाही ना. १३ खेळाडू वगैरे नियम नंतर, १९०६ मध्ये आले. मी त्या बंद दारासमोर बराच वेळ उभा होतो, आसपास लोकरीच्या गिरण्यांच्या जुन्या इमारती, आणि मला आमचं गिरणगावच आठवत होतं. जावई फोटो काढत होते, मला काही फोटोत हसता येईना.

म्हणजे बघा, बुडालेल्या मजुरीसाठी वेगळा झालेला खेळ, आणि सव्वाशे वर्षांनी त्याच खेळाच्या वर्ल्ड कपला अशी पोरं येतात ज्यांची मजुरी अजून बुडतेच आहे. जमैकाचंही तसंच, त्यांचा पहिलाच वर्ल्ड कप होता, तिन्ही मॅच मोठ्या फरकाने हरले. लोक म्हणतात अशा टीम घेऊ नका, मॅच एकतर्फी होतात. मला ते अजिबात पटत नाही. त्याच वर्ल्ड कपमध्ये सामोआ पहिल्या मॅचला इंग्लंडकडून ६०-६ ने हरलं होतं आणि तेच सामोआ सेमीफायनलला इंग्लंडला एका पॉइंटने हरवून फायनलला गेलं. पहिल्या स्कोअरवरून त्यांना घरी पाठवलं असतं तर? ग्रीस काही एवढ्यात फायनलला जाणार नाही हे मलाही कळतं, पण फ्रान्सशी ते ३४-१२ हरले, ते काही वाईट नाही ज्यांना सराव लपून करावा लागला त्यांच्यासाठी.

मॅच संपल्यावरचं एक सांगतो. ९४ पॉइंट खाल्लेली ती पोरं लगेच आत पळाली नाहीत. त्यांची माणसं बसली होती तिकडे गेली, निळेपांढरे झेंडे होते, एक खेळाडू कठड्यावरून वाकला आणि वरून एका बाईने त्याचा चेहरा दोन्ही हातात धरला, त्याच्या कपाळावरचं रक्त तिच्या बाहीला लागलं तरी सोडेना. आई असावी.

तर संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे की ती चौकट छापलीत तशी तिच्या खाली अजून एक ओळ छापा, तेवढ्याच अक्षरात. नोव्हेंबर २०१९, वर्ल्ड कपची पात्रता फेरी, ग्रीस ८२ सर्बिया ६. ग्रीसची ही "घरची" मॅच लंडनला खेळली गेली, कारण घरी खेळायची सोय नव्हती.

आपला रोजचा वाचक,
लालबाग, मुंबई