भट्टी पाडायला सांगणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला काही विकत घ्यायचं नव्हतं. मोबाईलमध्ये तडकलेल्या पिझ्झा भट्टीचे फोटो होते, मी स्वतः बांधलेल्या. तुम्ही एकच विचारलंत, "पहिला जाळ कधी केला?" मी म्हणालो, तिसऱ्या दिवशी. तुम्ही हसला नाहीत. ताई मात्र तोंड फिरवून हसल्या, ते मी पाहिलं.

मग हातातली थापी ठेवून तुम्ही तासभर बोललात. विटांत आणि सांध्यांत ओल असते, मोठ्या जाळाने तिची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. वाट मिळाली नाही तर ती घुमट फोडूनच बाहेर पडते. शिवाय मी साधं सिमेंट वापरलं होतं, त्याची पकड इतक्या उष्णतेत टिकत नाही. आणि फरशीखाली उष्णतारोधक थर नव्हताच. वरून करपलेला, खालून कच्चा पिझ्झा मी उगाच पिठाच्या माथी मारत होतो.

"पाडा ती," तुम्ही म्हणालात. तयार भट्टी माझ्या गळ्यात मारायची तीच वेळ होती. त्याऐवजी कुठल्या विटा वाचतील ते सांगितलंत, आणि ताईंनी दोन खाचांची काठी दिली. एक खाच घुमटाच्या आतल्या उंचीची, दुसरी तोंडाच्या उंचीची, म्हणजे तिच्या सुमारे ६३ टक्के. गार हवा तोंडाच्या खालून आत शिरते, धूर त्याच तोंडाच्या वरच्या बाजूने बाहेर पडतो आणि पुढच्या धुराड्यात जातो. तोंड उंच झालं तर उष्णता पळते, बुटकं झालं तर जाळ गुदमरतो. एवढं साधं कारण मला कुठेच कोणी समजावलं नव्हतं.

जुनी भट्टी पाडली आणि वाळूच्या ढिगाचा साचा करून त्यावर नवा घुमट रचला. फरशीच्या विटा मात्र मसाला न लावता नुसत्या टेकवून बसवल्या, तापल्यावर फुगायला जागा हवी म्हणून. मग लहान जाळाने ओल हळूहळू घालवायचे ते सात दिवस! पहिल्या दिवशी १५० अंशांच्या वर जायचं नाही, रोज थोडं थोडं वाढवायचं. तुमचा मुलगा रोज संध्याकाळी फोन करायचा. चौथ्या दिवशी मी घाईने दोन ओंडके जास्त घातले आणि फोनवर काही बोललो नाही. त्याने विचारलं, "बाहेरून ओलसर डाग दिसतोय का?" दिसत होता. मुकाट्याने जाळ कमी केला.

आठव्या दिवशी घुमटाची काजळी जळून तो आतून पांढरा पडला, तुम्ही सांगितलं होतं तसा. निखारे बाजूला सारले, ओल्या फडक्याने फरशी पुसली. पहिला पिझ्झा ९० सेकंदांत झाला आणि मी १२० सेकंद ठेवला, म्हणजे कसा झाला ते सांगायला नको. दुसरा आम्ही उभ्यानेच खाल्ला.

तोंडाच्या कमानीवर केसाएवढी एक रेघ उमटली आहे. ती वाढत नाही, तापल्यावर मिटते आणि गार झाल्यावर दिसते. ती तशीच राहू द्यायची हे आता मला विचारावं लागत नाही.

ताईंची काठी अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून देतो. येताना पिठाचे गोळे आणीन, भट्टी तुमची तापवा.

आपला,
तिसऱ्या दिवशी जाळ करणारा