टोकावरची टोपरी

पोर्टचेस्टर, इंग्लंड,
१२ एप्रिल

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

घेतलीस एकदाची बोट! तीही तिघांत मिळून, म्हणजे भांडणाचीही सोय झाली. तुझा मेसेज दीड ओळीचा: "स्प्रेडरच्या टोकांना टोपणं कुठली लावू, पांढरी की काळी?" स्प्रेडर म्हणजे डोलकाठीचे दोन आडवे हात, तिला बाजूंनी धरणाऱ्या तारा (श्राउड) बाहेर ताणून ठेवणारे. त्यांच्या टोकांचं उत्तर काही दीड ओळीत बसेना, म्हणून रविवारची सकाळ तुझ्या नावावर घातली आहे.

रंगाचं नंतर बघू. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही यारमथहून परत येत होतो. वारा नाकासमोर, त्यामुळे टॅकवर टॅक मारत नागमोडी जाणं चाललेलं. अशाच एका टॅकला जिनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागपर्यंत येणारं पुढचं मोठं शीड, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला घेताना वर टर्रर्र झालं. कापडाच्या दुकानात वार फाडून देतात ना, अगदी तो आवाज. बघतो तर शिडाला चांगली वीतभर चीर! उरलेलं अंतर इंजिनावर काढलं आणि वाटेत कोणी एकमेकांशी फारसं बोललं नाही.

आमची बोट वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी. ही बोट १९६९ साली आली आणि पुढच्या दहाएक वर्षांत अडीच हजारांच्या आसपास बनल्या. खाली दोन कील, म्हणजे तळाला उभे पंख, असल्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की चिखलात पाय रोवून गाईसारखी स्वस्थ उभी राहते. दुसऱ्या दिवशी तशी उभी असताना मी बोसन चेअरमध्ये, म्हणजे दोराला टांगलेल्या बैठकीत, बसलो आणि हिने विंच फिरवून मला डोलकाठीवर ओढलं. अर्ध्या वाटेत खालून विचारलं, "विम्याचे कागद कुठे ठेवलेत?" तू ओळखतोसच तिला.

वर जाऊन बघितलं ते नीट सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. आधीच्या मालकाने स्प्रेडरच्या टोकावर पांढरा टेप गुंडाळला होता. चांगला जाडजूड, पट्टीवर पट्टी, मोडलेल्या बोटाला बांधावा तसा. वरून उन्हाने पापड झालेला, आत गोंदाचा काळा चिकटा. सोलायला लागलो तर आतून तपकिरी पाणी मनगटावर ओघळलं. आठवडाभर पाऊस नव्हता बरं का! तारेवरून अंगठा फिरवला आणि रक्तच आलं. तारेचा एक तंतू तुटून टेपमधून सुईसारखा बाहेर आला होता, शेजारचा तुटायच्या बेतात. शीड फाडलं ते या सुईने.

आता या तारेचं गणित बघ. आपण श्राउडला वापरतो ती तार १९ तंतूंची: मधे १, त्याभोवती ६, त्यावर १२. आमची ५ मिलीमीटर जाडीची. त्यातला एक तुटला की उरलेल्या अठरांवर भार, आणि तेही त्याच ओलीत बसलेले. स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणतात ते त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो म्हणून. तो थर ओरखडला तर पुन्हा धरतो, पण त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. घट्ट टेपखाली खारं पाणी अडकलं की ऑक्सिजन संपतो आणि मीठ फटीत शिरून धातू खात बसतं. म्हणजे शिडाला जपायला बांधलेल्या पट्टीनेच तार कुजवली आणि कुजलेल्या तारेने शीड फाडलं. याला काय म्हणायचं?

म्हणून माझी एकच अट. टोपरं असं हवं की जे काढून आत बघता येईल आणि ज्यात पाणी साचणार नाही. बाळाचं टोपरं हनुवटीखाली गाठीचं असतं ना, तसं. बाकी सगळं चवीचं.

टेप सोडूनच दे. तुझ्याकडच्या मे महिन्यात त्याचा गोंद पाघळून शिडाला लागेल. टेनिसचा चेंडू चिरून बसवणारे इथे पुष्कळ आहेत. फुकटात होतं, पण तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. जुन्या मोठ्या गलबतांवर दोरांचे तुकडे विंचरून केलेली झुबकेदार गुंडाळी असते, बॅगीरिंकल म्हणतात. दिसते मांजराच्या फुगलेल्या शेपटीसारखी. मला फार आवडते, पण आपल्या पिटुकल्या बोटीवर ती म्हणजे लहान पोराला दाढी.

चामड्याचा मोह तुला होणार, मला माहीत आहे. ओलं करून टोकावर ताणायचं आणि दुहेरी टाक्याने शिवायचं. वाळलं की घट्ट बसतं आणि शिडाला मऊ लागतं. इथे मी तेच केलं. दोन संध्याकाळी आणि तीन सुया गेल्या. तुझ्या ओळखीत कोल्हापुरी चपला शिवणारा कोणी असेल तर तो हे काम अर्ध्या तासात करेल. पण मुंबईच्या दमटपणात चामड्यावर बुरशी चढते आणि तेही ओल धरतं. तू ते दर महिन्याला वर चढून बघणार आहेस का? नाही ना. मग नको.

तू मऊ प्लास्टिकची, बाजूने उघडणारी टोपरी घे. खालच्या अंगाला सर्वांत खोल जागी ५ मिलीमीटरचं भोक पाड. भोक आधीच असेल तर ते मोठं कर. वरचं तोंड तारेभोवती टेपने बंद करायचा मोह आवर. आणि रंग काळा. काळ्या प्लास्टिकमधला कार्बन ऊन झेलतो, त्यामुळे ते जास्त टिकतं. मात्र काळं रबर असेल तर शिडावर डाग पाडेल. आधी जुन्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघ.

बसवण्याआधी एक काम. तार टोकावर वरून येते आणि खाली जाते तेव्हा स्प्रेडरशी दोन्हीकडे सारखा कोन झाला पाहिजे. टोक खाली झुकलेलं असेल तर आधी ते उचलून स्टेनलेसच्या बारीक तारेने श्राउडला पक्कं बांध. टोपऱ्याखाली वाकडं टोक झाकलं तर कोणाला दिसणार नाही, आणि एक दिवस डोलकाठीच खाली येईल.

आणि मुळात तुझं पुढचं शीड स्प्रेडरपर्यंत पोचतं का? लहान जिब असेल तर ते डोलकाठीच्या पुढेच संपतं, टोकाला शिवतच नाही. जिनोआ असेल तर टोपरं असूनही शिडावर जादा कापडाचा तुकडा लावावा लागतो. नेमकी जागा शोधायची युक्ती: टोकाला लिपस्टिक फास, जिनोआ घट्ट ओढ, शिडावर ठसा उमटेल. मग दुसऱ्या बाजूने तेच. वहिनींना विचारून घे हो. मी न विचारता घेतली होती, ती म्हणे महागातली निघाली.

पावसाळ्यात बोट वर काढाल, डोलकाठी आडवी कराल, तेव्हा टोपरी काढूनच ठेवा. तार गोड्या पाण्याने धुऊन कापसाचा बोळा फिरव. जिथे धागा अडकेल तिथे तुटका तंतू. बोटाने बघू नकोस, माझा अंगठा महिनाभर ठुसठुसत होता.

आता कळव: तारेची जाडी, व्हर्नियर लावून, अंदाजाने नको. स्प्रेडरचं टोक गोल आहे की चपटं, ते. आणि टोकाचा जवळून काढलेला फोटो. धाकटी २० मेला मुंबईत येते आहे, तिच्या बॅगेत दोन टोपरी टाकतो. परत येताना तिच्याजवळ कोकमं दे, मागच्या वेळची संपली.

तुझा,
नाना