खंडेनवमीला गच्चीवरची ग्रिलही उघडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आपल्या इंदुरात इमारतींच्या गच्च्यांवर आणि बंगल्यांच्या अंगणांत गॅसच्या ग्रिल दिसू लागल्या आहेत. कोजागिरीला आटीव दुधाच्या जोडीने आता भुट्टे, पनीर आणि रताळीही भाजली जातात. आमच्या इमारतीतही वर्गणी काढून तीन बर्नरची एक ग्रिल घेतली आहे. तिची साफसफाई म्हणजे जाळी घासून लख्ख करणे, एवढीच आम्हा सर्वांची समजूत होती आणि त्या समजुतीपायीच गेल्या कोजागिरीला आमच्याकडे मोठा अपघात होता होता टळला.

संपूर्ण पावसाळा ग्रिल कव्हर घालून गच्चीच्या कोपऱ्यात उभी होती. त्या रात्री जाळी धुऊन ती पेटवली, तेव्हा दोन बर्नर स्वच्छ निळे पेटले. डावीकडच्या बर्नरची ज्योत मात्र पिवळी आणि मलूल होती. आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. थोड्या वेळाने ‘भप्प’ असा आवाज झाला आणि बटणांच्या मागून, जिथे आग असताच कामा नये अशा जागेतून, ज्वाळा बाहेर आली. माझ्या पुतण्याने तत्काळ सिलिंडर बंद केला म्हणून निभावले, तरी रबरी नळी एका बाजूने काळवंडली होती.

दुसऱ्या दिवशी बर्नर सोडवून पाहिला. त्याच्या तोंडाशी करंगळीएवढे चिखलाचे घरटे होते आणि ते फोडल्यावर आत वाळलेले कोळी निघाले. कुंभारीण माशी आपल्या पिलांच्या शिदोरीसाठी अशा घरट्यात कोळी भरून ठेवते, आणि चार महिने न हललेली बर्नरची नळी तिला आयतीच मिळाली होती. बर्नरच्या तोंडाशी गॅस बारीक छिद्रातून जोराने आत शिरतो व बाहेरची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. ही वाट बुजली की गॅसला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून ज्योत पिवळी पडते, आणि पुढे जाता न आलेला गॅस तोंडाकडून उलटा बाहेर येऊन नळीजवळच पेट घेतो. कोळ्याच्या जाळ्यानेही हेच घडते. त्यामुळे पावसाळ्यानंतर जाळीच्याही आधी बर्नर सोडवून त्याची नळी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने आरपार साफ केली पाहिजे. गॅसच्या पितळी छिद्रात मात्र पिन किंवा सुई घालू नये, कारण छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी गॅस प्रमाणाबाहेर येतो.

रबरी नळीचेही तसेच आहे. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. उन्हात राहणारी किंवा उंदरांच्या वाटेवरची नळी त्याआधीही चिरते. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, काडी पेटवून कधीही पाहू नये. आपला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळालेला गॅस उघड्या गच्चीवरही कठड्याच्या आत किंवा जिन्यात साचून राहू शकतो, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. म्हणूनच ग्रिल झाकण उघडे ठेवूनच पेटवावी आणि पहिल्या काही सेकंदांत पेटली नाही, तर बटणे बंद करून पाच मिनिटे थांबावे. गळती आढळल्यास १९०६ या क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते.

जाळीविषयी थोडेच सांगतो. तारेच्या ब्रशची तार तुटून जाळीला चिकटते आणि भाजलेल्या पदार्थाबरोबर पोटात जाऊ शकते. त्यापेक्षा कोमट जाळी नारळाच्या काथ्याने घासावी. जाळी बिडाची असेल, तर घरातल्या बिडाच्या तव्याप्रमाणे पुसून तिला तेलाचा हात फिरवावा. खालच्या तबकातली चरबी प्रत्येक वापरानंतर काढावी. ती पेटली, तर पाणी अजिबात ओतू नये. गॅस बंद करून कोरडी वाळू टाकावी. काढलेली चरबी गटारात न सोडता कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावी. स्वच्छतेत देशात पहिले येणाऱ्या या शहरात हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये.

ज्या दुकानातून ग्रिल घेतली, तिथे आम्हाला ‘वरून पुसा आणि कव्हर घाला’ एवढेच सांगण्यात आले होते. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. बर्नर कसा सोडवावा याचे चित्र तिच्यात आहे, पण त्या प्रसंगापूर्वी ते आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते, ही चूक आमचीच. तरीही विक्रेत्यांनी एक पानभर सूचना हिंदीत व मराठीत द्याव्यात आणि ग्रिल घरी पोहोचवताना बर्नर एकदा सोडवून दाखवावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

आपल्याकडे खंडेनवमीला गाड्या, यंत्रे, अगदी शिवणयंत्रही पुसून पुजले जाते, आणि त्यानंतर सहा दिवसांनी कोजागिरी येते. खंडेनवमीच्या दिवशीच घराघरांतली आणि इमारतींतली ग्रिलही उघडली जावी, असे मला मनापासून वाटते. आमच्या इमारतीत यंदापासून हे काम दोघांकडे नेमून दिले आहे, आणि बर्नरच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी बसवली आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
इंदूर